नाशिकला छापलेले आखाती रुपये

नाशिक रोडच्या प्रेसमध्ये एकेकाळी अरबांसाठी नोटा छापल्या जात होत्या, हे आजच्या पिढीतल्या फार थोड्या लोकांना माहीत असेल. आमच्या घरात ते माहीत होतं, कारण अब्बांचे मामू प्रेसमध्ये नोकरीला होते. ते सांगायचे, नोटा आपल्याच, रिझर्व्ह बँकेच्याच, फक्त रंग वेगळा आणि क्रमांकाआधी ‘झेड’ अक्षर. लहानपणी ती बढाई वाटायची. पुढे वाचायला लागलो तेव्हा कळलं की ते खरं सांगत होते.

त्या काळात कुवेत, बहरीन, कतार, दुबई, अबुधाबी या सगळ्या भागात भारतीय रुपयाच चालत होता. या अमिराती ब्रिटिशांच्या छत्राखाली होत्या आणि त्यांचा सगळा व्यापार मुंबईशी होता. भारतात सोन्याच्या आयातीवर बंदी, आखातात सोनं मोकळं. तस्कर रुपयांच्या नोटा घेऊन तिकडे जात, सोनं घेऊन इकडे येत. तिकडच्या बँका त्या नोटा रिझर्व्ह बँकेला परत देऊन पाउंड मागत. देशाची परकीय गंगाजळी अशी झिरपत होती. म्हणून १९५९ साली सरकारने कायद्यात दुरुस्ती करून फक्त आखातात चालणारा वेगळा रुपया काढला. त्याच वर्षी हज यात्रेकरूंसाठीही वेगळ्या नोटा निघाल्या. त्यांच्यावर ‘हज’ असा शब्द छापलेला असे.

हा आखाती रुपया फार टिकला नाही. कुवेतने १९६१ला स्वतःचा दिनार काढला, बहरीनने १९६५ला. ६ जून १९६६ रोजी भारताने रुपयाचं अवमूल्यन केलं. कालपर्यंत ४ रुपये ७६ पैशांना मिळणारा डॉलर साडेसात रुपयांवर गेला. दुसऱ्याच्या तिजोरीच्या भरवशावर आपलं चलन ठेवलं की काय होतं, ते उरलेल्या अमिरातींना त्या दिवशी कळलं. एकेक करून सगळ्यांनी रुपया सोडला. ओमानने सर्वांत शेवटी, १९७०मध्ये.

त्यानंतर तीनच वर्षांत, १९७३च्या अखेरीस तेलाचा भाव चौपट झाला आणि सगळं उलटलं. ज्यांच्या हातात नाशिकच्या नोटा होत्या, त्यांच्या रियाल-दिरहमवर नाशिक, मालेगाव, रत्नागिरी आणि रायगडमधली हजारो घरं चालू लागली. आज वडाळा गावात किंवा भद्रकालीत एखादा मुलगा ‘बाहर जा रहा है’ म्हणाला, की कुठे ते विचारावं लागत नाही.

हे सगळं लिहिण्याचं कारण असं की तेलाचे देश आता तेलाशिवाय जगायची तयारी करताहेत. आपल्याकडे याविषयी बोलताना एक तर कौतुक असतं, नाही तर कुचेष्टा. कुणाला नियोमचं स्वप्न दिसतं, कुणाला रियाधमधले संगीताचे कार्यक्रम खुपतात. पण ज्या देशांच्या भाकरीवर आपल्या लाखो चुली पेटल्या, ते आपली चूल कशी बदलताहेत, हा प्रश्न आपल्या पोटाचाही आहे. तो शांतपणे समजून घ्यायला हवा.

मोत्यांचा धडा

एकाच मालावर जगण्याचं दुःख आखाताला तेलाने शिकवलं असं नाही. ते त्याआधी मोत्यांनी शिकवलं होतं. बहरीन, कुवेत, दुबई ही गावं मोत्यांवर उभी होती. उन्हाळ्यात पुरुष होड्या घेऊन समुद्रात जात, श्वास कोंडून तळाशी बुड्या मारत आणि तो मोती मुंबईच्या बाजारात विकला जाई. मग जपानने शेतात पीक घ्यावं तसे शिंपल्यांत मोती तयार केले. त्यात १९२९ची जागतिक मंदी आली. काही वर्षांतच हा धंदा बसला. बहरीनमध्ये १९३२ला तेल लागलं, तेव्हा ते भुकेल्या घराला लागलेलं तेल होतं.

सौदी अरेबियात दम्मामच्या सातव्या विहिरीतून १९३८ला तेल आलं. पण ती विहीर सौदींची नव्हती. १९३३ला राजाने अमेरिकन कंपनीला सवलतीचा करार करून दिला होता. तेल कंपनीचं, राजाला ठराविक रक्कम. इराण, इराक, कुवेत, सगळीकडे हीच पद्धत होती. किती तेल काढायचं, कुणाला विकायचं, भाव काय लावायचा, हे लंडन-न्यूयॉर्कमध्ये ठरे. १९७०च्या दशकात या देशांनी आपापलं तेल परत घेतलं. कुवेतने १९७५ला, व्हेनेझुएलाने १ जानेवारी १९७६ला. सौदीने आधी २५ टक्के, मग ६० टक्के आणि १९८०पर्यंत संपूर्ण अरामको विकत घेतली. आपल्याकडेही तोच काळ होता. एस्सोची हिंदुस्थान पेट्रोलियम झाली, १९७६ला बर्मा-शेलची भारत पेट्रोलियम झाली. मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोसमोर टँकरच्या ज्या रांगा लागतात, त्यांचं मूळ या इतिहासात आहे.

तेल सरकारी कंपनीच्या हातात आलं, हे चांगलंच झालं. परक्याने लुटण्यापेक्षा आपल्या ताब्यात असलेलं बरं. पण मालक बदलला म्हणून हिशोब आपोआप सुधारत नाही. तेल काढणारी, तेलाचे नियम करणारी, तेलाचा पैसा वाटणारी आणि स्वतःचा ताळेबंद तपासणारी जर एकच यंत्रणा असेल, तर तिला विचारणार कोण?

बसऱ्याचा माणूस

या प्रश्नाचं सर्वांत चांगलं उत्तर नॉर्वेने दिलं, आणि ते देण्यात एका इराकी माणसाचा मोठा हात होता. फारूक अल-कासिम हे त्यांचं नाव. बसऱ्यात जन्मलेले, इराक पेट्रोलियम कंपनीत भूगर्भतज्ज्ञ म्हणून काम केलेले. पत्नी नॉर्वेची. धाकट्या मुलाला सेरेब्रल पाल्सी होती आणि उपचार नॉर्वेत होते. म्हणून १९६८ला ते चांगली नोकरी सोडून ऑस्लोला गेले. तिथल्या उद्योग मंत्रालयात ते फक्त तेल कंपन्यांची यादी मागायला गेले होते. मंत्रालयात तेल समजणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. त्यांनी या पाहुण्यालाच कामावर ठेवून घेतलं.

१९६९च्या अखेरीस उत्तर समुद्रात एकोफिस्कचं मोठं तेलक्षेत्र सापडलं. अल-कासिम यांनी इराक पाहिला होता. परदेशी कंपन्या कशा वागतात आणि एकट्या सरकारी कंपनीच्या हातात सगळं गेलं तर काय होतं, या दोन्ही गोष्टी त्यांना माहीत होत्या. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कामाची विभागणी सुचवली. धोरण मंत्रालयाचं. नियम आणि देखरेख वेगळ्या संचालनालयाची. धंदा स्टॅटऑइल या सरकारी कंपनीचा, तोही परदेशी कंपन्यांशी स्पर्धा करून. १९७२ला संचालनालय आणि कंपनी दोन्ही उभ्या राहिल्या. पुढे १९९०ला तेलाच्या पैशासाठी वेगळ्या निधीचा कायदा झाला, १९९६ला त्यात पहिली रक्कम पडली. आज त्या निधीत दीड लाख कोटी डॉलरहून जास्त पैसा आहे आणि देशाची लोकसंख्या ५५ लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या नाशिक जिल्ह्यापेक्षाही कमी. नियम असा की निधीतून वर्षाला सरासरी तीन टक्क्यांच्या आसपासच उचलायचं. मुद्दलाला हात लावायचा नाही.

मुसलमानांच्या मागासलेपणाची कारणं धर्मात शोधणाऱ्यांनी आणि आपल्या दुरवस्थेचं खापर कायम परक्यांवर फोडणाऱ्यांनी, दोघांनीही हा माणूस लक्षात ठेवावा. बसऱ्याच्या ज्या माणसाचं ज्ञान इराकला वापरता आलं नाही, तेच ज्ञान नॉर्वेने वापरलं. तेल दोन्हीकडे होतं. ऐकून घेणारं सरकार आणि प्रश्न विचारणारी संसद एकीकडेच होती.

सुबत्तेत दुष्काळासाठी राखून ठेवायची कल्पना आपल्याला नवीन नाही. हजरत युसूफ (अ.) यांनी मिसरच्या बादशहाला भरल्या सात वर्षांचं धान्य सुक्या सात वर्षांसाठी साठवायला सांगितलं, हा किस्सा आपल्याकडच्या प्रत्येक मुलाने मदरशात ऐकलेला असतो. कुवेतने तर नॉर्वेच्या कितीतरी आधी, १९५३ला लंडनमध्ये गुंतवणूक मंडळ काढलं आणि १९७६पासून उत्पन्नाचा दहावा हिस्सा पुढच्या पिढ्यांच्या नावे बाजूला ठेवायला सुरुवात केली. १९९०ला सद्दाम हुसेनच्या फौजा घुसल्या, तेव्हा देश गेला होता पण परदेशातला पैसा शिल्लक होता. परागंदा सरकार त्यावर चाललं आणि नंतरची उभारणीही. त्याच युद्धात सुमारे पावणेदोन लाख भारतीय अम्मानमार्गे विमानांनी मुंबईत आणले गेले. त्यात कोकणातली किती घरं रिकाम्या हाताने परतली, ते रत्नागिरीकडचे लोक आजही सांगतात. कुवेतकडे राखीव निधी होता. कुवेतमध्ये राबणाऱ्यांकडे नव्हता.

शेंगांचे डोंगर आणि एकसष्ट हजार शाळा

तेल आलं की बाकीचे धंदे का मरतात, हे समजायला नायजेरिया पाहावा. उत्तरेतल्या कानो शहरात पूर्वी भुईमुगाच्या पोत्यांचे पिरॅमिड रचलेले असत. इतका माल तिथून जगात जाई. तेलाचा पैसा आला, देशाचं चलन महाग झालं, बाहेरचा माल स्वस्त झाला. सरकारचं लक्ष शेतीवरून उडालं, तरुण शहराकडे गेले. काही वर्षांत ते डोंगर फक्त जुन्या फोटोंत उरले. नेदरलँड्समध्ये ग्रोनिंगेनचा गॅस सापडल्यावर तिथल्या कारखान्यांचं असंच झालं होतं, म्हणून अर्थशास्त्रात या दुखण्याला ‘डच रोग’ म्हणतात.

व्हेनेझुएलाची सरकारी कंपनी एकेकाळी जगातल्या चांगल्या कंपन्यांत मोजली जाई. २००२-०३च्या संपानंतर सरकारने सुमारे अठरा हजार कर्मचारी एका फटक्यात काढले. जाणकार गेले, मर्जीतले आले. कंपनीच्या पैशातून घरं, धान्य, दवाखाने सगळं चालवायचं ठरलं. हेतू गरिबांच्या भल्याचा होता. पण विहिरींच्या देखभालीला पैसा उरला नाही आणि ज्या गाईवर सगळ्यांची भिस्त होती तीच आटली.

इंडोनेशियाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे, म्हणून मला ती जास्त शिकवणारी वाटते. तिथल्या पर्तामिना या सरकारी कंपनीने सत्तरच्या दशकात तेल सोडून हॉटेलं, जहाजं, पोलाद असं काय काय हाती घेतलं. बेसुमार अल्पमुदतीची कर्जं काढली. १९७५ला ती फेडता येईनात. कर्ज दहा अब्ज डॉलरच्या वर निघालं आणि सरकारला मध्ये पडावं लागलं. तेही ‘विविधीकरण’च होतं, पण एका साहेबाच्या लहरीवर चाललेलं. गंमत अशी की त्याच वर्षांत त्याच देशाच्या सरकारने तेलाच्या पैशातून दुसरंही एक काम केलं. १९७३ ते १९७९ या काळात गावोगाव एकसष्ट हजारांहून जास्त प्राथमिक शाळा बांधल्या. खतांचे कारखाने आणि पाटबंधारे काढले. अर्थतज्ज्ञ एस्थर ड्यूफ्लो यांनी पुढे त्या शाळांचा अभ्यास करून दाखवलं की तिथल्या मुलांचं शिक्षण वाढलं आणि मोठेपणी त्यांची कमाईही वाढली. आज इंडोनेशिया तेल विकण्यापेक्षा विकत जास्त घेतो, पण देश बसलेला नाही. पर्तामिनाचे डोलारे कोसळले, शाळेत शिकलेली मुलं टिकली.

दुबईचं उदाहरण आपल्याकडे सगळेच देतात. तिथे एक गोष्ट मात्र नजरेतून सुटते. शेख राशिद यांनी खाडीचा गाळ काढून बंदर मोठं करायला कुवेतकडून कर्ज घेतलं, तेव्हा दुबईत तेल सापडलेलंच नव्हतं. ते १९६६ला सापडलं. म्हणजे व्यापाराचं गाव आधी होतं, तेलाने त्याला जोर दिला. १९७९ला जेबेल अली बंदर, १९८५ला एमिरेट्स विमान कंपनी. तरी २००९ला सरकारी कंपन्यांची कर्जं अंगावर आली तेव्हा सोडवायला अबुधाबीच धावली, आणि अबुधाबीचा पैसा तेलाचाच होता. भाऊ श्रीमंत असला की आपणही स्वावलंबी वाटतो, त्यातलाच हा प्रकार.

भाईजानचे अकरा रमजान

सौदी अरेबियाने एप्रिल २०१६मध्ये ‘व्हिजन २०३०’ जाहीर केलं. तेलावरचं अवलंबन कमी करायचं, पर्यटन, खाणी, कारखाने वाढवायचे, स्त्रियांना कामावर आणायचं. त्यातलं काही खरोखर घडलं. नोकरी करणाऱ्या किंवा शोधणाऱ्या सौदी स्त्रियांचं प्रमाण काही वर्षांत दुपटीच्या आसपास गेलं. २०१८ला विक्रीवर पाच टक्के कर आला, २०२०ला तो पंधरा टक्के झाला. सरकारच्या उत्पन्नात तेलाचा वाटा पूर्वी नव्वद टक्क्यांच्या घरात असे, तो आता साठच्या आसपास आहे.

पण या बदलाचं इंधनही तेलच आहे. अरामकोने २०२२ला एका वर्षात १६१ अब्ज डॉलर नफा कमावला. तिच्या लाभांशावर सरकारचा गुंतवणूक निधी नवे उद्योग काढतो. २०२०ला त्या निधीने साबिक या रसायन कंपनीतला आपला ७० टक्के हिस्सा ६९ अब्ज डॉलरना विकला. विकत कुणी घेतला? अरामकोनेच. एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात. याला लबाडी म्हणता येणार नाही, सुरुवातीचं भांडवल कुठून तरी यावंच लागतं. पण तेलाचा भाव पडला की तेलाशिवायचे प्रकल्पही रखडतात, हे त्यामुळेच.

हा बदल आमच्या घरी आकड्यांतून नाही, भाईजानकडून आला. सातपूरला आयटीआय करून ते २००८ला दम्मामला गेले, एसी टेक्निशियन म्हणून. एका उपकंत्राटदाराकडे काम होतं. अकरा रमजान त्यांनी तिकडे काढले, त्यातले काही भाभी आणि मुलांसोबत. २०१४च्या मध्यापासून तेल पडायला लागलं. दीड-दोन वर्षांत ते शंभर डॉलरवरून तीसच्या खाली आलं. मोठी कामं थांबली, वरच्या कंत्राटदाराचे पैसे अडकले आणि खालच्यांचे पगार. भाईजानचा पाच महिने पगार झाला नाही. फोनवर ते फक्त म्हणायचे, ‘अम्मी, इंशाअल्लाह अगले हफ्ते.’

त्यानंतर जुलै २०१७पासून सोबत राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबीयामागे दरमहा शंभर रियाल शुल्क लागलं. दरवर्षी त्यात शंभरची भर. भाभी आणि तीन मुलं म्हणजे चार माणसं. पहिल्या वर्षी महिना चारशे रियाल, दुसऱ्या वर्षी आठशे, चौथ्या वर्षी सोळाशे. दुसऱ्या वर्षीच भाभी आणि मुलं परतली, पुढच्या वर्षी भाईजान. त्याआधी २०११पासून ‘निताकत’ सुरू झालंच होतं. कंपनीत सौदी किती, त्यावरून हिरवा, पिवळा, लाल रंग.

मोहल्ल्यात तेव्हा खूप संताप होता. मला तो समजतो, पण पटत नाही. आपल्या मुलांना आधी काम मिळावं असं त्या देशाला वाटलं, तर त्यात गैर काय? एमआयडीसीत भूमिपुत्रांना ऐंशी टक्के नोकऱ्या मिळाव्यात, ही मागणी महाराष्ट्रात आपण किती वर्षं ऐकतोय. पगार बुडवणं हा अन्याय आहे आणि तो अन्यायच म्हणायला हवा. पण एखाद्या देशाने आपल्या माणसांना कामाला शिकवणं हा अन्याय नाही. आपण तिथले पाहुणे होतो. पाहुण्याने परतीचं तिकीट खिशात ठेवायचं असतं.

घरातली अरामको

आखातात मुलगा असलेलं आपल्याकडचं घर नीट पाहा. त्या घरात तो मुलगा म्हणजे सरकारी तेल कंपनीच असते. बहिणीचं लग्न त्याच्या पैशातून, घराचा स्लॅब त्याच्या पैशातून, चाचांचं ऑपरेशन, मशिदीच्या वजूखान्याची फरशी, धाकट्याची मोटारसायकल. सगळी मागणी रास्त. पण दर महिन्याला ड्राफ्ट येतो म्हणून बाकीच्यांना कमवायची निकड राहत नाही. धाकटा दुकानावर बसेनासा होतो. आणि विहीर आटली तर काय, हे कुणी विचारत नाही, कारण विचारणं अपशकुनी वाटतं. कानोचे भुईमुगाचे डोंगर असेच गेले होते.

आमच्याकडे थोडं वेगळं झालं ते अम्मीमुळे. भाईजानचा पहिला पगार आला तेव्हापासून दहातला एक हिस्सा तिने पोस्टात आरडीला टाकला. मुदत संपली की पुन्हा नवी. त्या पैशाला लग्नातही हात लावू दिला नाही. चाचा रागावले, फुफी महिनाभर बोलली नाही. चौथीपर्यंत शिकलेल्या अम्मीला कुवेतचा निधी माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता. तिचं म्हणणं साधं होतं: लडका एक दिन वापस आएगा, उसको खाली हाथ दरवाजा नहीं खोलने का.

भाईजान परतले तेव्हा त्या पैशात एक सेकंडहँड गाडी आणि हत्यारं आली. दम्मामच्या उन्हात शिकलेलं थंडाव्याचं काम इकडे उपयोगी पडलं. पिंपळगाव आणि दिंडोरीच्या भागात द्राक्षांची शीतगृहं आहेत. जानेवारी ते एप्रिल त्यांना श्वास घ्यायला वेळ नसतो. कमाई दम्मामपेक्षा कमी आहे. पण ती एका कफीलवर अवलंबून नाही, वीस-पंचवीस ग्राहकांवर आहे. त्यांच्या हाताखाली दोन पोरं शिकताहेत.

हे प्रत्येकाला जमत नाही, हेही सांगितलं पाहिजे. ड्रायव्हर म्हणून, हेल्पर म्हणून गेलेल्यांकडे परत आणण्यासारखा हुनर नसतो. त्यांच्यापैकी बरेच कर्जाने रिक्षा घेतात, नाही तर पुन्हा एजंटच्या दारात उभे राहतात.

नाशिकचंही तेच

शेतकरी मित्र हे वाचून हसतील, कारण त्यांना एका मालावर जगणं माझ्यापेक्षा चांगलं कळतं. लासलगावचा कांदेवाला आणि रियाधचा अर्थमंत्री दोघेही सकाळी उठून आधी भाव पाहतात. फरक इतकाच की तेलवाले एकत्र बसून उत्पादन कमी करू शकतात, कांदेवाल्याच्या हातात काहीच नसतं. ७ डिसेंबर २०२३ला केंद्राने निर्यातबंदीची अधिसूचना काढली, ती ४ मे २०२४ला उठली. तेवढ्या काळात कितीतरी घरांचं वर्षाचं गणित बिघडलं. त्या कांद्याचं एक मोठं गिऱ्हाईक दुबई आहे, हा आणखी एक धागा.

कोकणात तर तेलाच्या देशांचं विविधीकरण थेट दारात आलं होतं. राजापूर तालुक्यात नाणारला सहा कोटी टन क्षमतेची रिफायनरी होणार होती. अर्धा वाटा आपल्या तीन सरकारी कंपन्यांचा, अर्धा अरामको आणि अबुधाबीच्या अ‍ॅडनॉकचा. २०१८ला करार झाले. त्यांचा हेतू सरळ होता. उद्या जगाने तेल कमी घेतलं तरी भारतात आपल्या कच्च्या तेलाला हक्काचं गिऱ्हाईक असावं. म्हणजे त्यांची चिंता कमी व्हावी म्हणून आंब्याच्या बागा आणि मच्छीमारांचा समुद्र यांनी जोखीम घ्यायची. लोकांनी नकार दिला आणि मार्च २०१९ला तिथलं भूसंपादन रद्द झालं. मग बारसूचं नाव आलं. एप्रिल २०२३ला माती परीक्षणाच्या वेळी तिथे काय झालं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. ज्या कोकणी मुसलमानांच्या दोन पिढ्या आखाती तेलावर जगल्या, त्यांच्याच किनाऱ्यावर हा सवाल येऊन उभा राहिला. नोकऱ्या हव्यात हे खरं आणि समुद्रही हवा हेही खरं. पण आंबा, मासळी, पर्यटन असे तीन-चार आधार असलेल्या मुलखाला एका मोठ्या आधाराकडे नेणं, याला विविधीकरण कसं म्हणायचं?

रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार भारतात येणाऱ्या परदेशी कमाईत आखाती देशांचा वाटा २०१६-१७ला जवळपास निम्मा होता, २०२३-२४ला तो ३८ टक्क्यांवर आला. अमेरिका आता पहिल्या क्रमांकावर आहे. म्हणजे भारत बदलला, शिकलेली मुलं दुसरीकडे गेली. आपल्या मोहल्ल्यातली किती गेली, हा प्रश्न मी आकड्यांवर सोडत नाही. तो प्रत्येकाने आपल्या गल्लीत मोजून पाहावा.

आखात उद्या बंद होणार नाही. तिथे अजून वीस-तीस वर्षं काम असेल, पण वेगळं असेल. सौर पॅनेल बसवणारा, रुग्णालयातली यंत्रं दुरुस्त करणारा, हॉटेलचा हिशोब सांभाळणारा हवा असेल. नुसते हात विकायला नेणाऱ्याला जागा कमी होत जाईल. म्हणून व्हिसाच्या दीड-दोन लाखांसाठी दागिने मोडण्याआधी त्या पैशाचा तिसरा हिस्सा मुलाच्या हुनरवर घालावा, असं मी विचारायला येणाऱ्या प्रत्येक आई-बापाला सांगतो. मुलींनाही यात धरतो, कारण सौदीने स्वतःच्या मुली कामावर आणल्या तेव्हाच त्यांचे आकडे हलले. आणि जो जातोय त्याला एकच विचारतो: तू परत येशील तेव्हा इथे काय करशील? बहुतेक मुलं या प्रश्नावर गप्प होतात. काही जण दोन दिवसांनी उत्तर घेऊन येतात. गेल्या महिन्यात वडाळ्याचा एक जण आला होता. ‘कोल्ड स्टोरेजचं काम शिकून मग जातो,’ म्हणाला. भाईजानकडे सध्या शिकणारी दोन पोरं आहेत, त्यातला एक तोच.